बिनजस्ताच्या नळ्या

मी सव्वीस वर्षं विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाचं स्टोअर सांभाळलं. बाटल्या, नळ्या, गाळणकागद, हातमोजे, ज्याला जे हवं ते माझ्या खिडकीतून जायचं. त्या काळात मोठमोठी माणसं जवळून पाहिली. पण विभागातलं सगळ्यात काटेकोर माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी तळघरातल्या धुलाईच्या खोलीकडे बोट दाखवीन. तिथे मावशी काम करायच्या.

मावशींचं काम काचसामान धुण्याचं. सकाळी वरच्या तीन मजल्यांवरून ट्रॉल्या खाली यायच्या आणि त्या एकट्या बाई दिवसभर नळापाशी उभ्या असायच्या. आधी साबण, मग पातळ आम्ल, मग शुद्ध पाण्यानं तीनदा विसळायचं. शेवटी प्रत्येक नळी खिडकीच्या उजेडात उलटी धरून बघायची. काच स्वच्छ असेल तर पाणी पातळ पापुद्र्यासारखं सरसर उतरतं. कुठे थेंब अडला तर तिथे काहीतरी चिकटलेलं आहे, आणि मग ती नळी पुन्हा साबणापासून. पोरांनी त्यांचं नाव थेंबमावशी ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. त्या म्हणायच्या, थेंबाला हसा, पण तुमच्या नळीत तो सापडला तर माझ्याकडे रडत येऊ नका.

त्यांच्या घरी दोघंच, त्या आणि त्यांचे यजमान. मूलबाळ नव्हतं. यजमानांनी तीस वर्षं रबराच्या कारखान्यात, मिश्रण विभागात काढली होती. आता त्यांना दम्यानं जेरीस आणलं होतं. आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून ते रात्रंदिवस खुर्चीत बसून असायचे. एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि त्यातल्या खिडकीजवळची ती खुर्ची. मावशी सुट्टी फार घ्यायच्या नाहीत. उद्या दवाखान्यात किती दिवस लागतील कुणी सांगावं, म्हणून त्या सुट्ट्या साठवत होत्या.

दुसऱ्या मजल्यावर एक संशोधक होती. नोकरी सोडून उशिरा शिकायला आलेली, बाकीच्यांपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, म्हणून सगळे तिला ताईच म्हणत. मावशींशी तिचं चांगलं सूत जमलं होतं. दुपारी चहाचा कप घेऊन ती तळघरात यायची आणि आपलं काम मावशींना समजावून सांगायची. मी बऱ्याचदा तिथेच असायचो, त्यामुळे माझ्याही डोक्यात थोडंफार शिरलं.

प्रथिनं, लोकर, रेशीम, नायलॉन हे सगळं लांबलचक साखळ्यांचं बनलेलं असतं, आणि त्या साखळ्यांची कडी कडीला जोडणारा जो सांधा, त्याला अमाइड बंध म्हणतात. पाण्यानं तो बंध तुटू शकतो. पुस्तकात त्याला जलीय विच्छेदन असं नाव आहे. पण नुसत्या पाण्यात तो आपणहून तुटायचा म्हटलं तर शेकडो वर्षं जातात. आपल्या पोटात मात्र खाल्लेल्या प्रथिनांचे तेच बंध काही तासांत तुटतात. तिथल्या काही पाचक रेणूंच्या मधोमध जस्ताचा एक अणू बसलेला असतो आणि मुख्य काम तो करतो. बंधातल्या ऑक्सिजनला तो धरतो आणि आपल्याकडे ओढतो, त्यामुळे शेजारचा कार्बन उघडा पडतो. शिवाय जस्ताला चिकटलेलं पाणी साध्या पाण्यासारखं सुस्त राहत नाही. ते नेमकं त्या उघड्या पडलेल्या कार्बनवर चालून जातं, आणि बंध सुटतो.

ताईनं असा एक रेणू घडवला होता की ज्याच्या एका टोकाला जस्ताला धरून ठेवणारा पिंजरा होता आणि त्याला लागूनच एक अमाइड बंध. पिंजऱ्यात जस्त बसवायचं, नळी बंद करायची, सत्तर अंशांवर भट्टीत ठेवायची आणि आठवडे मोजायचे. सोबत काही नळ्या बिनजस्ताच्या. तोच रेणू, तेच पाणी, तीच उष्णता, फक्त जस्त नाही. जस्तवाल्या नळीत बंध तुटावा आणि बिनजस्ताच्या नळीत जसाच्या तसा राहावा, म्हणजे काम जस्तानंच केलं हे सिद्ध होतं.

पहिल्या वर्षी सगळं तसंच झालं. मग तिनं पिंजऱ्याची रचना बदलून दुसरा, सुधारलेला रेणू केला. त्याच सुमारास माझ्याकडे नळ्यांच्या टोपणांची अडचण झाली. तोवरच्या टोपणांना आतून न चिकटणाऱ्या तव्यावर असतो तसा पांढरा गुळगुळीत थर असायचा. ती यायची बंद झाली. मी त्याच मापाची साधी, तांबड्या रबराची टोपणं आणली. टोपण ते टोपण, असा विचार केला. कुणाला सांगितलंही नाही.

नव्या रेणूच्या सहा बिनजस्ताच्या नळ्यांपैकी तीन नळ्यांमध्ये बंध तुटलेला निघाला. ताईचे मार्गदर्शक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, ते शिस्तीचे. आवाज न चढवता माणसाला पाणी पाजणारे. त्यांनी आकडे पाहिले आणि नळ्या अस्वच्छ असणार, असा निर्णय दिला. दुसऱ्या दिवशी मावशींच्या हातात कागद पडला. नळी क्रमांक दोन, चार आणि पाच यांच्या सदोष धुलाईमुळे संशोधनाचं नुकसान झालं, अशी लेखी ताकीद होती. यापुढे सरांच्या प्रयोगशाळेचं काचसामान त्यांच्याकडे येणार नव्हतं.

मावशींच्या एकतीस वर्षांच्या नोकरीतला असा तो पहिला कागद. मावशींनी तो वाचला, घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवला आणि नळ सुरू केला. ताई धावत खाली आली. मी सरांना सांगितलं होतं मावशी, असं काहीबाही बोलू लागली. मावशींनी तिला वर जायला सांगितलं. त्या दिवसापासून तिचं चहाला येणं कमी झालं. तोंड दाखवायची तिला लाज वाटत असावी.

पुढच्या वेळी ताईनं कोऱ्या, पेटीतून काढलेल्या नळ्या वापरल्या. स्वतः धुतल्या. आणि या वेळी सहाच्या सहा बिनजस्ताच्या नळ्यांमध्ये बंध तुटला.

आता घाणीचा प्रश्नच उरला नव्हता. सरांनी दोन दिवस दार लावून विचार केला आणि बाहेर आले ते वेगळाच चेहरा घेऊन. नवा रेणू धातूशिवाय अमाइड बंध तोडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. तसं कुणी केलेलं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. निबंध लिहायला घेतला. ताईला परदेशातल्या एका परिषदेचं बोलावणं येईल, पाठोपाठ नोकरीही, असं विभागात बोललं जाऊ लागलं. ताईनं एकदा विचारलं म्हणे, की मग पहिल्या वेळी तीन नळ्यांमध्ये बंध का तुटला नाही? सर म्हणाले, त्या तीन नळ्या अस्वच्छ असतील, घाणीनं काम अडवलं असेल.

हे मावशींच्या कानावर आलं तेव्हा मी समोर होतो. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुटलं तरी माझी घाण आणि नाही तुटलं तरी माझीच."

हसल्या. पण ते हसू मला बघवलं नाही.

मावशींनी काय केलं ते मला पुढे कळलं. त्यांची एक सवय होती. नळीवर मेणपेन्सिलीनं लिहिलेला आकडा पुसण्याआधी त्या तो वाचायच्या, आणि नळीसोबत आलेलं टोपण त्याच आकड्याच्या पाकिटात ठेवायच्या, कारण कधी कधी लोक टोपण परत मागत. ताईची पहिली सहा टोपणं अशीच पाकिटांत पडून होती. मावशींनी ताकिदीचा कागद काढला आणि पाकिटं शेजारी मांडली. दोन, चार, पाच. या तिन्ही टोपणांची आतली बाजू फुगून फिकट झालेली होती. एक, तीन, सहा मात्र कोरडी, तांबडी, जशी माझ्याकडून गेली तशीच.

असं का व्हावं, हे त्यांना लगेच उमगलं, कारण त्या भट्टीपर्यंत ट्रॉली ढकलत त्या कित्येकदा गेल्या होत्या. भट्टीचा वरचा कप्पा बुटका होता. तिथे नळ्या उभ्या मावत नसत, आडव्या ठेवाव्या लागत. आडव्या नळीतलं पाणी दोन महिने टोपणाला लागून राहणार. खालच्या कप्प्यातल्या उभ्या नळीत पाणी टोपणाला शिवतसुद्धा नाही. दुसऱ्या वेळी खालचा कप्पा दुसऱ्या कुणीतरी अडवला होता, त्यामुळे ताईच्या सगळ्याच नळ्या वर, आडव्या.

पण रबरात असं काय होतं? त्या संध्याकाळी त्यांनी यजमानांसमोर ते टोपण धरलं. हा प्रसंग मावशींनी मला पुढे दोन-तीनदा सांगितला, प्रत्येक वेळी तसाच.

"अहो, असल्या रबरात काय काय घालतात?"

त्यांनी टोपण हातात घेतलं, बोटांनी दाबून पाहिलं, नाकाला लावलं. एकेका शब्दाला श्वास घेत म्हणाले, "गंधक. रंग. थोडा खडू. आणि जस्ताची पांढरी भुकटी."

"जस्ताची?"

"ती नसेल तर रबर नीट पिकत नाही. चिकट राहतं. मी तीस वर्षं तीच तर मोजून घातली. भुवया पांढऱ्या व्हायच्या, तू हसायचीस."

मग त्यांनी विचारलं, कशाला हवं आहे हे? मावशींनी सगळं सांगितलं. ताकिदीच्या कागदाबद्दलही, जे त्यांनी तोवर घरी कळू दिलं नव्हतं. त्यांनी टोपण मावशींच्या हातात परत ठेवलं. म्हणाले, सांगितलंस तर तुझं नाव धुऊन निघेल, पण त्या पोरीचं काय होईल ते बघ.

त्यानंतर चार दिवस मावशींनी ती पाकिटं तशीच ठेवून दिली. पाचव्या दिवशी माझ्या खिडकीशी आल्या आणि तांबडं टोपण समोर ठेवून शांतपणे सगळं बोलल्या. ते टोपण मी बदललं होतं. ताकीद त्यांना मिळाली आणि कारण मी होतो. मी म्हणालो, मावशी, मी आत्ता सरांकडे जातो. त्यांनी मान हलवली.

"आधी ताईला सांगायचं. तिचं काम आहे. तिला दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये."

आम्ही दोघं वर गेलो. ताई निबंधाचीच पानं तपासत बसली होती. मावशींनी पाकिटं टेबलावर ओळीनं मांडली, कप्प्यांचं सांगितलं, भुकटीचं सांगितलं. ताईचा चेहरा उतरत गेला तो मला दिसत होता. तिला आमच्या कुणाहीपेक्षा लवकर कळलं होतं, कारण तो पिंजरा तिनंच बनवला होता. जस्ताला शोधून धरून ठेवणं एवढंच तर त्याचं काम. रबरातून डोळ्यांना न दिसण्याइतकं जस्त पाझरलं असतं तरी त्यानं ते पकडलं असतं.

"मावशी," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही हे सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं का?"

"आज नसतं कळलं. पुढे कुणीतरी तुमचं वाचून काचेचं टोपण वापरलं असतं, आणि मग तुम्हाला खोटारडी म्हणाले असते. ते मला सोसलं नसतं."

ताई उठून हात धुवायच्या बेसिनपाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मावशी तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. हात लावला नाही. मी खाली निघून आलो.

ताईनं त्याच दिवशी सरांना गाठून निबंध थांबवायला सांगितलं. सरांचा विश्वास बसला नाही. पुरावा आण, म्हणाले. तिनं तांबडी टोपणं शुद्ध पाण्यात आठवडाभर सत्तर अंशांवर ठेवली आणि ते पाणी धातू मोजायच्या यंत्राकडे पाठवलं. त्यात जस्त निघालं. तरीही खरी परीक्षा बाकी होती. तिनं बिनजस्ताचा तोच रेणू नव्या नळ्यांमध्ये भरला आणि नळ्यांची तोंडं आगीवर वितळवून काचेनंच बंद केली. टोपणच नाही. त्यातल्या निम्म्या नळ्या तिनं आडव्या ठेवल्या. आठ आठवडे थांबायचं होतं. आणि भरण्याआधी त्या नळ्या तिनं स्वतःहून मावशींकडून धुऊन घेतल्या. सरांना तसं कळवलंही. सरांनी हरकत घेतली नाही.

त्या आठ आठवड्यांतल्या पाचव्या आठवड्यात मावशींचे यजमान गेले. सकाळी त्यांना खुर्चीत बसवून, उशी मागे लावून मावशी कामावर आल्या होत्या. दुपारी शिंप्याचा निरोप आला. मी आणि ताई त्यांच्याबरोबर घरी गेलो. ते तसेच खिडकीकडे तोंड करून बसलेले होते. मावशींनी आधी त्यांचा चष्मा काढला, काचा एप्रनला पुसल्या आणि मिटून ठेवला. मग जमिनीवर खुर्चीला टेकून बसल्या. साठवलेल्या सुट्ट्या आता कशासाठी ठेवू, एवढंच त्या मला म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी त्या कामावर आल्या. आणखी आठवडा गेला आणि ताईनं नळ्या फोडल्या. एकाही नळीत बंध तुटलेला नव्हता. उभी असो की आडवी, रेणू जसाच्या तसा. सोबत लावलेल्या, जस्त घातलेल्या नळ्यांमध्ये मात्र तो निम्म्याहून जास्त तुटला होता. धातूशिवाय बंध तोडणारा रेणू असं काही नव्हतंच. सगळं काम त्या जस्तानं केलं होतं, आम्ही नाही म्हणत होतो तिथेसुद्धा.

सर त्या दुपारी तळघरात आले. त्यांना मी तिथे कधी पाहिलं नव्हतं. ओल्या फरशीवर जपून पावलं टाकत ते मावशींसमोर उभे राहिले आणि आपली चूक झाली, असं म्हणाले. मनापासून म्हणाले, यात शंका नाही. मावशींनी हात पुसले.

"सर, ठपका कागदावर आला होता. चूकही कागदावर यावी."

सरांचा चेहरा क्षणभर ताठ झाला. मग त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ताकीद मागे घेतल्याचा कागद आला, खाली सरांची सही. मीही माझ्या वरिष्ठांना टोपण बदलल्याचं लिहून दिलं. मला थोडं ऐकावं लागलं. ते माझ्या वाट्याचंच होतं.

ताईचं वर्ष गेलं. परिषद गेली, नोकरीचं बोलणंही विरलं. तिला ते जड गेलं नाही, असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत ती वाळून निम्मी झाली होती. पण तिनं नव्यानं सगळे प्रयोग लावले, आणि या खेपेला किती कमी जस्त पुरतं, हेच मोजायला घेतलं. तेच शेवटी तिच्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण झालं.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला ती मला आणि मावशींना बोलवायला आली. मावशी एप्रन काढून, केस नीट करून आल्या आणि शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे, खोदून विचारणारे होते. त्यांनी विचारलं, जस्त रबरातून येतंय ही शंका तुम्हाला कशी आली? ताईला सहज म्हणता आलं असतं की वाचनातून. ती म्हणाली, शंका मला आली नाही. आमच्याकडे काचसामान धुणाऱ्या मावशींनी कुठल्या नळ्यांची टोपणं फुगली ते ओळखलं, आणि त्यांच्या यजमानांनी रबरात जस्त असतं हे सांगितलं. ते रबर कारखान्यात कामगार होते. परीक्षकांनी विचारलं, ते आज इथे आहेत का? ताई म्हणाली, ते वारले. मावशी आहेत. सगळ्यांनी वळून पाहिलं. मावशी मान खाली घालून बसून राहिल्या.

बाहेर व्हरांड्यात माणसं ताईला घेरून अभिनंदन करत होती. मावशी भिंतीशी उभ्या होत्या. मी म्हणालो, आज ते असायला हवे होते.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "त्यांना अजून पुष्कळ ठाऊक होतं. कुठलं रबर उन्हात चिरतं, कुठलं तेलात फुगतं, सगळं. तीस वर्षांत कारखान्यात कुणी विचारलं नाही. मीही त्या संध्याकाळपर्यंत कधी विचारलं नव्हतं."

त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसले नाहीत. थोड्या वेळानं ताई गर्दीतून वाट काढत आली आणि त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. मग कुणीतरी ताईला हाक मारली, ती गेली, आणि मावशी जिना उतरून कामाला लागल्या.

ताई आता पिण्याचं पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे. मावशी त्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाल्या आणि त्याच दोन खोल्यांत राहतात. ताई महिन्यातून एकदा तरी त्यांच्याकडे जाते. मीही जातो, पण तितका नियमानं नाही.